गणेशवेलीचे बी रात्रभर भिजवावे

मृगाच्या सरी सुरू झाल्या की माझ्या दवाखान्यात सर्दी-तापाच्या जोडीने आणखी एक तक्रार वाढते. वयस्क मंडळी म्हणतात, ‘बाहेर पडता येत नाही, दिवस सरता सरत नाही.’ या तक्रारीवर माझ्याकडे गोळी नाही. म्हणून या पंधरवड्यात औषधाऐवजी बियांविषयी लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, ते आपणांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. श्रीवर्धनच्या बाजूचे, पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यानंतर रक्तदाब तपासण्यासाठी माझ्याकडे येत. त्यांची रोठा सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली होती. झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती. मी धीर देण्यासाठी म्हटले, ‘काका, पुन्हा लावा रोपे.’ ते शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर मी आहे का?’ मला उत्तर सुचले नाही. पुढच्या खेपेस त्यांच्या सूनबाई सोबत आल्या. त्यांनी शेजारून मूठभर गणेशवेलीचे बी आणून पडवीत लावले होते आणि काकांना पाणी घालण्याचे काम नेमून दिले होते. ‘ते रोज सकाळी उठून आधी तिकडे जातात,’ असे त्या म्हणाल्या. झोपेसाठी व उदासीसाठी औषध चालू होतेच, त्यामुळे सारे श्रेय वेलीला देणार नाही. परंतु दीड-दोन महिन्यांत फूल दाखवणारी गोष्ट त्या वयात किती मोलाची असते, हे मला तेव्हा उमगले.

हे कुळ आपल्याला परके नाही. अलिबाग-नागावपासून दिवेआगरपर्यंत पुळणीवर पसरलेली, आपट्यासारख्या पानांची मर्यादवेल याच कुळातली; रताळेही त्यातलेच. मर्यादवेल वाळू धरून ठेवते, तेव्हा ती उपटून घरी आणू नये. घरासाठी गणेशवेल उत्तम: जाळीदार पाने, लाल चांदणीसारखी फुले. ती मूळची अमेरिकेतली, पण आता अंगणाअंगणातली झाली आहे. दुसरी निळ्या कर्ण्यांची नीलपुष्पी, जी रोपवाटिकेत ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणून मिळते. जपानमध्ये हिला ‘असागाओ’, म्हणजे सकाळचा चेहरा, म्हणतात आणि तेथील पहिलीची मुले शाळेत ती बियांपासून वाढवतात.

या बियांचे कवच कठीण असते. बी तसेच पेरल्यास कधी आठवड्याने उगवते, कधी उगवतच नाही. म्हणून नीलपुष्पीचे बी काचपेपरवर दोन-चारदा घासावे किंवा नेलकटरने डोळ्याच्या विरुद्ध बाजूस किंचित टवका काढावा. ब्लेड वापरू नये, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. गणेशवेलीचे बी बारीक असते, ते नुसते भिजवले तरी पुरते. रात्री कोमट पाण्यात टाकावे. सकाळी जे फुगले ते पेरावे, न फुगलेले पुन्हा घासावे. संधिवाताने आखडलेल्या बोटांना हा व्यायाम बरा असतो आणि रबरी चेंडू दाबण्याइतका कंटाळवाणाही नसतो.

वेलीला स्थलांतर मानवत नाही, म्हणून ज्या कुंडीत वाढवायची तिथेच अर्धे पेर खोल पेरावी. माती भुसभुशीत हवी, शेणखत बेताचे. खत फार झाले की पानेच माजतात. किनाऱ्यावरची खारी वाळू मिसळू नये. चार-सात दिवसांत कोंब येतो. गणेशवेलीची पहिली दोन पाने चिमट्यासारखी दुभंगलेली असतात, ती तण समजून उपटू नका. सुतळी बांधून द्यावी. वरून पाहिल्यास वेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच चढते. नातवंडांना ती मुद्दाम दुसऱ्या बाजूने गुंडाळून पाहू द्या, ती स्वतःच सुटून आपल्या वाटेने जाईल.

नीलपुष्पीला फुलण्यासाठी मोठी, अंधारी रात्र लागते. रात्रभर दिवा जळणाऱ्या गॅलरीत तिला पानेच येतात. अंधार पडल्यापासून सुमारे दहा तासांनी तिचे फूल उमलते. सूर्याची ती वाट पाहत नाही, काळोख मोजते. आपल्याही शरीरात असेच घड्याळ आहे. खोलीत रात्रभर ट्यूबलाइट आणि दिवसभर पडदे ओढलेले, अशा घरांतील वृद्धांची झोप बिघडलेली मी नेहमी पाहतो. शौचास जाण्याच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा आणि सकाळी अर्धा तास त्यांना पडवीत उजेडात बसवावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तर हे अवश्य करावे.

आता काळजीच्या गोष्टी. कुंडी कठड्यावर, कमरेच्या उंचीला ठेवा. पावसात अंगणात शेवाळ असते आणि खुब्याचे हाड मोडण्यास एक पाऊल पुरते. अनवाणी चिखलात जाऊ नये; मधुमेह्यांना पायाची जखम कळत नाही आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण असतातच. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास घ्यावी. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी, नाहीतर डासांची पैदास होते.

आणि बियांविषयी. नीलपुष्पीच्या बिया म्हणजेच काळादाणा, पूर्वीचे जहाल रेचक. बद्धकोष्ठावर एखाद्या वडीलधाऱ्यांनी तो सुचवला तरी घेऊ नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जुलाब झाले तर शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात, भोवळ येते, हृदयाची लय बिघडू शकते. या कुळातील काही बियांनी भ्रमही होतो. विकतच्या पाकिटातील बियांना बुरशीनाशक लावलेले असू शकते. घरात लहान मूल किंवा विसराळू वृद्ध असेल तर भिजवलेली वाटी स्वयंपाकघरात ठेवू नये. कोणी बिया खाल्ल्याच, तर उलटी करवू नका. पाकीट घेऊन सरळ दवाखाना गाठा.

दिवाळीनंतर बोंडे वाळून तपकिरी झाली की बी काढून सावलीत सुकवावे. प्लॅस्टिकमध्ये नव्हे, कागदी पाकिटात ठेवावे आणि वर ठळक अक्षरांत लिहावे: ‘पेरण्यासाठी. खाऊ नये.’