पगाराचा चेक आणि मालकाची पत

‘पगार’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘देणे चुकते करणे’ एवढाच आहे. मराठीने तो शब्द असा काही आपलासा केला की, महिन्याच्या अखेरीस हाती पडणाऱ्या रकमेवर सारा मध्यमवर्गीय संसार उभा असतो, ही गोष्ट तो उच्चारताच ध्यानात यावी. दूधवाला, किराणा, मुलांची फी, घराच्या कर्जाचा हप्ता, आईवडिलांची औषधे ही सारी देणी पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसलेली असतात. त्या तारखेस मालकाने दिलेला चेक बँकेतून न वटता परत आला तर काय करावे, असा प्रश्न विचारणारी पत्रे अलीकडे आमच्याकडे येऊ लागली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या शेवटी ‘कृपया नाव छापू नये’ अशी विनंती असते. ही विनंती वाचूनच हा मजकूर आज पहिल्या पानावर घेण्याचा निर्णय आम्ही केला. ज्याचा पगार बुडाला त्यानेच तोंड लपवावे आणि ज्याने बुडविला त्याने मोटारीतून हिंडावे, हा उलटा न्याय आपल्या समाजात कसा रुजला याचा विचार आता उघडपणे झाला पाहिजे.

संकट एकाएकी येते असे मात्र नाही. बहुतेक कचेऱ्यांत पगार आज थेट खात्यात जमा होतो. तो बंद होऊन एके दिवशी कागदी चेक हाती पडला, तर त्यामागे कारण असते व ते शोधावे. पगार दोन हप्त्यांत येऊ लागणे, हिशेबनीस वारंवार रजेवर असणे, पुरवठादारांची माणसे दारात ताटकळताना दिसणे या खुणा कोणासही कळतात. त्याहून खात्रीची खूण मात्र बहुतेक जण पाहत नाहीत. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मालकाने पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावयाची असते आणि आपल्या खात्याचे पासबुक आज घरबसल्या पाहता येते. पगारपत्रकावर कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, असे आढळले तर तो मालक तुमच्याच पैशांवर धंदा रेटीत आहे असे समजावे. आयकराच्या कपातीचेही तेच. ती सरकारजमा झाली की नाही, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येते. ज्याने या दोन ठिकाणी हात मारला आहे त्याच्या चेकवर विसंबणे म्हणजे फुटक्या घागरीने पाणी भरणे होय.

तरीही चेक हाती आलाच, तर तो त्याच दिवशी बँकेत भरावा. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने चेक दिवसभर सलगपणे वटविण्याची व्यवस्था सुरू केली आहे. पूर्वी दोन दिवस लागत, आता काही तासांत निकाल कळू शकतो. मालकाच्या खात्यात शिल्लक थोडी असेल आणि चेक शंभर वाटले गेले असतील, तर जे आधी पोचतील तेच वटतील हे उघड आहे. चेकचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि तो वटेपर्यंत त्याच्या भरवशावर स्वतः दुसऱ्या कोणास चेक देऊ नये. ‘चार दिवस थांबा, एवढ्यात टाकू नका’ अशी विनंती झाली तर ती लेखी मागावी. तोंडी विनंतीस पुढे कोणी ओळख देत नाही. 1 एप्रिल 2012 पासून चेकचे आयुष्य तीन महिन्यांचे झाले आहे, हेही विसरू नये.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. वर्तमानपत्रात येण्यापूर्वी आम्ही एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवीत होतो. 1996 सालच्या मे महिन्यात संस्थेच्या कार्यवाहांनी दोन महिन्यांच्या पगाराचा चेक आमच्या हाती ठेवला आणि जूनमध्ये फी जमा होईपर्यंत तो भरू नका, असे मोठ्या जिव्हाळ्याने सांगितले. कार्यवाह वयाने वडील, बोलण्यात मृदू, आणि शिक्षण हे व्रत आहे असे सभांतून सांगणारे. आम्ही तो चेक व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून दिला. जून संपत आल्यावर तो भरला, तो ‘रक्कम अपुरी’ असा शेरा घेऊन परत आला. आमच्या बँकेने दंडाची रक्कम मात्र आमच्या खात्यातून तत्परतेने कापून घेतली. त्या काळी नोटिशीची मुदत अवघी 15 दिवसांची होती. ती आम्हांस ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी आम्ही नोटीस पाठविली असती असे आज छातीवर हात ठेवून सांगवत नाही. शिक्षकाने पैशासाठी वकिलाकडे जाणे शोभत नाही, अशी आमचीही समजूत होती. त्या समजुतीची किंमत दोन महिन्यांचा पगार एवढी पडली. तो आजतागायत मिळालेला नाही.

कायद्याची वाट प्रत्यक्षात फार अवघड नाही, पण तिला तारखांचे कुंपण आहे. 1881 सालच्या पराक्राम्य लेख कायद्यात 1988 च्या दुरुस्तीने कलम 138 आले आणि 1 एप्रिल 1989 पासून चेक न वटणे हा फौजदारी अपराध ठरला. चेक परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून 30 दिवसांच्या आत मालकास लेखी नोटीस गेली पाहिजे. पूर्वीचे 15 दिवस 2002 च्या दुरुस्तीने 30 झाले. नोटिशीत चेकच्या रकमेची स्पष्ट मागणी असावी, ती स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. नोटीस पोचल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार दाखल व्हावयास हवी. 2015 च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात करता येते. मालकाच्या गावी खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कंपनीचा चेक असेल तर कारभार पाहणारे संचालकही जबाबदार धरले जातात. एखाद्या वाचकाची 30 दिवसांची मुदत चुकली असेल तर त्याने लगेच हताश होऊ नये. चेक तीन महिन्यांच्या आत असेल तर तो पुन्हा भरता येतो, आणि दुसऱ्या वेळी परत आला तरी त्यावरून खटला चालतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिला आहे.

हे सारे खरे असले तरी या वाटेवर गर्दी किती आहे तेही सांगितले पाहिजे. 2019 च्या अखेरीस देशातील न्यायालयांत या एका कलमाखालची 35 लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली होती, आणि त्याची स्वतःहून दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयास 2021 साली घटनापीठ बसवावे लागले. तेव्हा कलम 138 ची नोटीस हा मालकास जागे करण्याचा उपाय म्हणून उत्तम. पैसे हाती पडण्यासाठी पगारदाराने दुसरे दारही ठोठावले पाहिजे.

ते दार अलीकडेच रुंद झाले आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याचे संरक्षण शेवटी शेवटी महिना 24 हजार रुपयांपर्यंतच्या वेतनासच होते, म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांस त्याचा उपयोग नव्हता. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या वेतन संहितेने ही मर्यादा काढून टाकली. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत दिलेच पाहिजे, हा नियम आता कारकुनापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांस लागू आहे. राजीनामा दिला, काढून टाकले अथवा कारखाना बंद पडला, तर राहिलेले वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावयाचे आहे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, थकबाकीखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे, आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. सर्वांत महत्त्वाची तरतूद ही की, एका आस्थापनेतील कितीही नोकरांचा मिळून एकच अर्ज चालतो. मजूर ज्या गोष्टी एकत्र येऊन करतो त्या कचेरीतला माणूस एकेकटा, केबिनच्या दारात उभा राहून, हळू आवाजात करू पाहतो. ‘माझे तेवढे बघा’ असे सांगणाऱ्या प्रत्येकास मालक तेवढेच आश्वासन देतो. बारा सह्यांच्या अर्जास तसे उत्तर देता येत नाही.

या प्रकरणातील एक विसंगती आम्हांस विशेष बोचते. पगार न आल्याने ज्याच्या खात्यात शिल्लक उरली नाही त्याचा घरकर्जाचा हप्ता परत जातो. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत जाणे हाही 2007 च्या एका कायद्याच्या कलम 25 खाली अपराधच आहे, आणि शिक्षाही तीच. म्हणजे मालकाच्या अपराधाचा बळी स्वतः आरोपी होऊ शकतो, आणि बँकेची वकिलांची फौज त्याच्या मालकाच्या मानाने कितीतरी चपळ असते! म्हणून चेक परत येताच आपल्या कर्जदात्या बँकेस लेखी कळवावे, सोबत परतीच्या चिठ्ठीची प्रत जोडावी आणि हप्त्याची तारीख पुढे मागावी. बँक ती देईलच असे नाही. पण हप्ता चुकल्यानंतर सांगितलेल्या कारणापेक्षा आधी सांगितलेल्या कारणास वजन असते.

मालकांची बाजू नाहीच असे आम्ही म्हणत नाही. ग्राहक पैसे थकवितात, सरकारी खात्यांकडून बिले महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि प्रामाणिक उद्योजकाचाही हात कधी तरी रिकामा होतो. अशा माणसाने नोकरांस बोलावून वह्या उघडाव्यात, कोणती रक्कम कधी येणार ते सांगावे आणि त्याप्रमाणे वागावे. अशा कचेरीत माणसे अर्ध्या पगारावर राहिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. पण खात्यात पैसे नाहीत हे ठाऊक असून चेकवर सही करणारा मालक अडचणीत असेलही; तो प्रामाणिक राहत नाही. आपल्या जुन्या पेठांत एक हुंडी न स्वीकारता परत गेली तर सावकाराची पत बाजारातून उठत असे. आज नोकरांचे चेक परत पाठविणारा मालक उद्योगभूषण म्हणून हार घालून घेतो, आणि आम्ही वृत्तपत्रवाले त्याचे छायाचित्रही छापतो.

राहावे की जावे, हा प्रश्न प्रत्येक पत्रात आहे. दोन महिन्यांचा पगार अडकला म्हणून तिसरा महिना राबणारा माणूस पहिले दोन मिळविण्यासाठी तिसराही पणास लावतो. आमचे मत असे की, एक चेक परत येताच दुसरी नोकरी शोधावयास लागावे, आणि दुसरा परत येताच राजीनाम्याचा विचार करावा. राजीनाम्याने केलेल्या कामाचे वेतन बुडत नाही. मात्र ‘माझे काही येणे नाही’ अशा मजकुरावर पैसे हाती पडण्यापूर्वी सही करू नये.

वाट पाहण्याची किंमत काय असते हे मुंबईने पाहिले आहे. जेट एअरवेजचे शेवटचे विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडाले. त्यापूर्वीच वैमानिकांचे व अभियंत्यांचे पगार काही महिने थकले होते. ‘कंपनी सावरेल’ या आशेवर हजारो माणसे थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, नवे खरेदीदार आले, योजना मंजूर झाली, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम केला. साडेपाच वर्षे गेली. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार मोडीत निघालेल्या कंपनीच्या पैशांत कामगारांचे 24 महिन्यांचे वेतन तारणधारक बँकांच्या बरोबरीने बसते. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या पांढरपेशा नोकरांचे 12 महिन्यांचे वेतन त्यांच्या खालच्या पायरीवर. बँकांचे पोट भरल्यावर त्या पायरीपर्यंत काय पोचते, हे सांगावयास नको. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तेवढी या वाटणीबाहेर राहते, आणि म्हणूनच ती भरली जाते की नाही हे दर महिन्यास पाहण्याचा आग्रह आम्ही वर धरला.

जर्मनीत मालकाचे दिवाळे निघाले तर आधीच्या तीन महिन्यांचे वेतन सार्वजनिक निधीतून दिले जाते, आणि त्या निधीसाठी वर्गणी मालकवर्गाकडून घेतली जाते. ब्रिटनमध्येही थकलेल्या वेतनाचा काही भाग सरकारी निधीतून मिळतो. आपल्याकडे बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. केलेल्या कामाच्या पगारास ते नाही. असा वेतन संरक्षण निधी स्थापन करणारे विधेयक केंद्र सरकारने आणावे, अशी आमची मागणी आहे. तोवर राज्याच्या कामगार खात्याने एक साधे काम करावे. वेतन थकविल्याचे ज्यांच्याविरुद्ध सिद्ध झाले आहे अशा आस्थापनांची यादी दर महिन्यास प्रसिद्ध करावी. तशी यादी निघाली तर ती दर महिन्याच्या 8 तारखेस याच पानावर छापण्यास आम्ही तयार आहोत.