बंदिश तीच, बढत कुठे?

दुपारचा भोंगा झाला की ग्वाल्हेरच्या जे. सी. मिलमध्ये वडील डबा उघडायचे आणि इकडे हजीरा वस्तीतल्या खोलीत आई ना. सी. फडक्यांची ‘दौलत’ ही कादंबरी उघडायची. लष्कर भागातल्या वाचनालयाची ती प्रत इतक्या हातांतून गेली होती की पानांचे कोपरे सुती कापडासारखे मऊ पडले होते. कॉलेज, टेनिस, मोटारीतून फिरायला निघालेली नायिका. गिरणीच्या वस्तीत बसून आई ते सगळं डोळ्यांनी बघायची. तिच्या मागोमाग मीही फडक्यांच्या प्रेमात पडले.

‘जादूगार’ १९२८ची, ‘दौलत’ १९२९ची, ‘अटकेपार’ १९३१ची. मुलीनं आपला जोडीदार आपण निवडावा, हे तेव्हा घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. फडक्यांनी ते लाघवी, सुटसुटीत मराठीत बोलून दाखवलं. हे ऋण मोठं आहे, म्हणूनच त्यांच्या पुढच्या कादंबऱ्यांनी जीव हळहळला. बेचाळीसचा लढा आला, काश्मीर आलं, पण बदलला तो मागचा पडदा. पुढे तीच दोघं, तोच गैरसमज, तीच उकल. आई पन्नाशीला टेकली, नायिका विशीतच राहिली. एके दुपारी आईनं नवं पुस्तक अर्ध्यावर मिटलं, खुणेची काडीसुद्धा घातली नाही. म्हणाली, “लग्नानंतर हिचं काय होतं, ते हे सांगतच नाहीत गं.”

वाचकाला तेच हवं असतं, असं म्हणतात. मला पटत नाही. आमच्या हजीऱ्यात तानसेनाच्या समाधीपाशी दर डिसेंबरात संगीत समारोह भरतो. राग तेच, बंदिशीही तोंडपाठ. तरी शाली गुंडाळून आम्ही बसतो, कारण गाणारा ओळखीच्या सुरावर थांबून त्यातून नवी वाट काढतो; हीच बढत. प्रेमाचा विषय जुना झालाच नव्हता, त्याची बढत थांबली होती.

१९६१मध्ये ग्वाल्हेरलाच साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, त्या मानाच्या पहिल्या महिला मानकरी. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहून त्यांनी कादंबरीकडे जिव्हाळ्यानं, पण पारखून बघायला शिकवलं. म्हणूनच आवडत्या लेखकाला ‘हे जमलं नाही’ असं सांगणं ही कृतघ्नता नाही, वाचकाचं कर्तव्य आहे.

आज प्रेमकथा लिहिणाऱ्या, हातोहात खपणाऱ्या प्रत्येकाला माझी विनवणी आहे : तुमच्याबरोबर वाचणारीही वयानं वाढते आहे. आईच्या त्या प्रश्नाला उत्तर द्या.

— हजीरेकर