चित्रफितीचा भार कशानें वाढतो?

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांतील नाटकाची चित्रफीत विद्यार्थ्यांनीं मोठ्या हौसेनें तयार केली. सभागृहाच्या पडद्यावर ती अतिशय देखणी दिसली. परंतु आपल्या मुलीची भूमिका पाहावयास आतुर झालेल्या एका मातेच्या मोबाइलवर ती कांहीं केल्या उतरेना. वीस मिनिटांच्या नाटकाची फाइल ६ गिगाबाइटांची झाली होती!

मग मुलांनीं रेझोल्यूशन ३८४० × २१६० वरून १९२० × १०८० वर आणलें. म्हणजे प्रत्येक चित्रांतील पिक्सेल सुमारें ८३ लाखांवरून २१ लाखांवर, अर्थात् चतुर्थांशावर आले. तरी नवी फाइल पुनः ६ गिगाबाइटांचीच! मुलें चकित झालीं आणि, खरें सांगावयाचें तर, आम्हीहि क्षणभर गोंधळलों.

कारण साधें आहे. फाइलचा भार ठरवितो तो बिटरेट, म्हणजे दर सेकंदास किती बिट खर्चावयाचे याचा नेम. तो मुलांनीं ४० मेगाबिटांवरच राहूं दिला होता. १२०० सेकंदांस ४० नीं गुणिलें म्हणजे ४८,००० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ६००० मेगाबाइट. या हिशेबांत रेझोल्यूशन कोठेंच येत नाहीं. तें येतें निराळ्या वाटेनें. पिक्सेल जितके अधिक, तितके चित्र नीट उमटावयास बिट अधिक लागतात. मूठभर पिठाची भाकरी परातीएवढी थापूं गेल्यास ती फाटावयाचीच! प्रोग्रामास बिटरेट न सांगतां केवळ चित्राची प्रत नेमून दिली, तर मात्र रेझोल्यूशन उतरतांच भारहि उतरतो.

नाटकाचे सर्व प्रसंगहि सारखे नसतात. संवाद चालले असतां मागचा पडदा स्थिर असतो. तो प्रत्येक चित्रांत नव्यानें नोंदावा लागत नाहीं. लेझीमीच्या वेळीं सारेंच हालतें, आणि बिट अपुरे पडले कीं मुलांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात.

आमच्या मतें घरोघर पाठवावयाची प्रत १२८० × ७२० ची व अडीच मेगाबिटांची असावी. ती सुमारें ३७५ मेगाबाइटांत बसते, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर तिच्यांत उणें असें फारसें भासत नाहीं. "आम्हांस हलकी प्रत कां?" असें कांहीं पालक विचारतील, परंतु जी उघडतच नाहीं ती भारी प्रत काय कामाची? आवाजांत मात्र कृपणपणा नको. १२८ किलोबिटांचा ध्वनि साऱ्या नाटकास अवघे १९ मेगाबाइट घेतो, आणि मुलीचे शब्द स्पष्ट ऐकूं यावे हीच त्या मातेची मुख्य इच्छा होती.

मूळ फाइल पुसूं नये. एकदां गाळलेले बिट परत मिळत नाहींत. ती आम्हीं शाळेंत जपून ठेविली आहे. ज्या पालकांस हवी असेल त्यांनीं पेन ड्राइव्ह पाठवावा. मात्र तो फॅट-३२ पद्धतीचा नसावा, कारण तशा ड्राइव्हवर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाहीं.