कर्जाच्या ओझ्याखालचा वारसा

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, तांब्याच्या खाणींच्या मुलखात, हॅनकॉक हे लहानसे गाव आहे. फिनलंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी १८९६ साली तेथे 'सुओमी कॉलेज' स्थापन केले. पुढे फिनलंडिया विद्यापीठ झालेल्या या संस्थेने मार्च २०२३ मध्ये नवे प्रवेश थांबविल्याचे जाहीर केले व तिचा कारभार संपुष्टात आला. घटती विद्यार्थिसंख्या आणि वाढते कर्ज ही कारणे अपरिचित नाहीत. लक्ष द्यावयाचे ते पुढच्या प्रश्नाकडे. जुन्या कॅथलिक चर्चच्या इमारतीत १९९० साली सुरू झालेले फिनिश-अमेरिकन वारसा केंद्र आणि तेथील दप्तर ही विद्यापीठाचीच मालमत्ता होती. ऋणकोचे घर बुडाले की धनको देवघर वेगळे काढीत नाही.

दप्तराला स्वतःचे उत्पन्न नसते. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेच्या आधारानेच ते जगते. तो आधार सुटला की काय होते, याचा दाखला जवळच आहे. सुओमी कॉलेज चर्चनिष्ठ फिनिशांचे. पण खाणीत राबणाऱ्या फिनिशांत समाजवादी कामगारांचाही मोठा वर्ग होता. १९१३च्या संपात, नाताळच्या आदल्या सायंकाळी, कॅल्युमेट येथील इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी मेळावा भरला असता 'आग' अशी खोटी आरोळी उठली आणि जिन्यावरील चेंगराचेंगरीत सत्तरांहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि फिनिश कुटुंबांतलीच अधिक. ती इमारत १९८४ साली पाडण्यात आली. आज उरली आहे ती दरवाजाची कमान.

हॅनकॉकचे केंद्र मात्र वाचले. १९५३ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'फिनलंडिया फाउंडेशन'ने देणग्यांच्या बळावर २०२३ मध्येच केंद्र, दप्तर व 'फिनिश अमेरिकन रिपोर्टर' हे मासिक पत्र आपल्या ताब्यात घेतले. हे कौतुकास्पद खरेच. पण खरेदीचा खर्च एकदाच येतो, इमारत उबदार ठेवण्याचा प्रत्येक हिवाळ्यात, आणि त्या प्रदेशातील हिवाळा कडक असतो. शिवाय पणजोबांची फिनिश पत्रे वाचू शकणारे वंशज थोडेच उरले आहेत; वारशाचे ते पत्रही इंग्रजीतच निघते. छताची सोय झाली. आता ती पत्रे वाचून, लावून, भाषांतरित करून ठेवणाऱ्या जाणकारांचे वेतन दरवर्षी कोठून यावयाचे, हे देणगीदारांना ठरवावे लागेल.