शेतीची विद्या

“अभ्यास केला नाहीस, तर नांगर धरावा लागेल!” हे वाक्य आमच्यापैकी कित्येकांनी घरी ऐकले असेल. बोलणाराच्या मनात माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या काळ्या रानातील कापसावर आमची वह्या-पुस्तके येतात, तेथील काम म्हणजे नापास विद्यार्थ्याची शिक्षा, असा अर्थ त्यातून निघतो. तो आम्हांस मान्य नाही.

आदिलाबादेहून उत्तरेस पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो आणि त्याच्या पलीकडे वर्धा. त्या वर्ध्याचे सुपुत्र डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. देश स्वतंत्र व्हावा या ध्यासाने ते तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, तेथेच गदर पक्षाच्या उभारणीत भाग घेतला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची वाट बंद झाली, तेव्हा १९२४ साली त्यांनी मेक्सिको गाठले.

तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. आपल्याकडे जशी ज्वारी, तसा तेथील गरिबांचा आधार मका. त्या मक्याच्या नव्या जातींवर त्यांनी संशोधन केले. परंतु ती विद्या त्यांनी प्रयोगशाळेत कोंडून ठेवली नाही. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले व १९६७ साली नागपुरास निवर्तले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारला गेला. परक्या भूमीने त्यांची आठवण ठेवली. शेजारच्या जिल्ह्यांतील आम्हां मुलांस मात्र त्यांचे नावही क्वचितच ठाऊक असते!

कोणी म्हणेल, पाऊस दगा देतो, भाव पडतात, कर्ज फिटत नाही; मग मुलांनी शेतीकडे का वळावे? ही अडचण खरी आहे. पण ज्या घरात आजार, त्याच घरी वैद्य हवा. हुशार मुले शेतीकडे पाठ फिरवू लागली, तर बियाणे, माती आणि पाणी यांचा विचार शेतकऱ्याच्या बाजूने करावयाचा कोणी?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती आहे, की ते जुने वाक्य थोडे फिरवावे. “नांगर धरावयाचा आहे ना? मग मन लावून अभ्यास कर,” असे आम्हांस सांगावे.