साडेआठशे ग्रॅमचा मामला

गेल्या महिन्यात या पानावर मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय एकदम हलका आहे. इतका हलका की आमच्या अम्मीने तो एका हाताने उचलून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला आणि विचारलं, "यात आहे तरी काय? आणि याचे सत्तर हजार?"

झालं असं. माझा भाचा चाकणला एका कारखान्यात नोकरी करतो. सायकलचं वेड त्याला माझ्यामुळे लागलं, असा आपाचा जुना आरोप आहे आणि तो खरा आहे. त्याने पुण्यात एका गृहस्थाकडे शर्यतीच्या सायकलची वापरलेली कार्बन फ्रेम पाहिली. नवी असताना ती दोन-अडीच लाखांच्या घरातली. आता सत्तर हजारांना फक्त फ्रेम आणि चिमटा. चाकं, गिअर, ब्रेक, सीट काही नाही. दहा हजार बयाणा देऊन, आठ दिवसांच्या बोलीवर, त्याने ती एसटीत मांडीवर घेऊन चिपळूणला आणली. "मामू, तुम्ही चालवून सांगा. तुम्ही हो म्हणालात तर अम्मीशी बोलतो."

बोलायचं होतं ते तीस हजारांबद्दल. धाकटीच्या बी.एड.च्या फीसाठी आपाने बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते उसने घ्यायचे होते. मीही बी.एड. केलं ते असेच कुणाकुणाचे बाजूला ठेवलेले पैसे घेऊन. त्यामुळे माझा 'हो' मला जरा जड वाटत होता.

काट्यावर फ्रेम ८६० ग्रॅम भरली. माझ्या सायकलची अॅल्युमिनियमची फ्रेम दीड किलोच्या आसपास आहे. म्हणजे फरक साधारण सहाशे ग्रॅमचा. पाण्याची भरलेली बाटली त्याहून जड असते. हे ऐकून अम्मी म्हणाली, "ईदनंतर तू वाढवलेलं वजन उतरवलंस तर फुकटात काम होईल." शास्त्राच्या दृष्टीने तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. घाट चढताना सायकल आणि माणूस यांचं एकूण वजन वर न्यावं लागतं. ते कुठून कमी झालं याच्याशी चढाला देणंघेणं नसतं. शिवाय २००० सालापासून आंतरराष्ट्रीय नियमच आहे की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको. मोठमोठ्या संघांच्या मेकॅनिकांना कधीकधी सायकलला वजन जोडावं लागलेलं आहे!

मग कार्बनचं एवढं कौतुक कशाला? ते वजनापेक्षा दिशेत आहे. कार्बनचा एक तंतू माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा बारीक असतो. लांबीच्या दिशेने ओढला तर तो जबरदस्त ताकदीचा, आडवा दाबला तर कमजोर. हे तंतू राळेत भिजवून त्यांचे पातळ पत्रे करतात, पत्र्यांचे शेकडो तुकडे कापून हातानेच साच्यात एकावर एक बसवतात आणि भट्टीत भाजतात. कुठला तुकडा सरळ, कुठला तिरका, कुठे चार थर, कुठे दहा, यावर सगळं ठरतं. नळी वाकू नये म्हणून तंतू सरळ, पिळली जाऊ नये म्हणून तिरके. पायडलच्या एक्सलजवळ फ्रेम कडक आणि सीटखाली थोडी लवचीक, असं एकाच फ्रेममध्ये करता येतं. धातूच्या नळीतही भिंत जाड-पातळ करून थोडंफार साधतं, पण इतकं मनासारखं नाही.

सुरुवातीला मात्र लोकांना याची धास्तीच होती. १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली, तरी शंका राहिली. फ्रान्समधली पॅरिस–रुबे ही शर्यत जुन्या दगडी फरसबंदीवरून जाते. तिथे हे नाजूक सामान टिकेल का? १९९५ मध्ये फ्रँको बॅलेरिनीने इटलीच्या कोल्नागो सी-४० या कार्बन फ्रेमवर तीच शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी पहिले तिन्ही क्रमांक त्याच संघाने, त्याच फ्रेमवर पटकावले. त्यानंतर शंका बरीच थंडावली.

आता आमची परीक्षा. फ्रेमची तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं, हे आठवीच्या मुलांना प्रयोग शिकवताना मी दहा वेळा सांगतो. म्हणून माझ्याच सायकलची चाकं, गिअर आणि सीट काढून या फ्रेमवर चढवायचं ठरलं. तिथेच पहिली अडचण आली. माझे टायर २८ मिलिमीटरचे. ही फ्रेम दहा-बारा वर्षांपूर्वीची, त्यात २५ च्या वर टायर मावेना. तेव्हा पद्धत अरुंद टायरची होती. आता शर्यतवालेसुद्धा २८ वापरतात. आमच्या रस्त्यांवर तीन मिलिमीटर म्हणजे चैन नव्हे, गरज. वहीत पहिला उणे गुण लिहिला. मग २५ चे टायर आणून आधी माझ्या सायकलवर घातले, एक दिवस ती चालवली, दुसऱ्या दिवशी तीच चाकं, तेवढीच हवा भरून, कार्बनवर.

फजरनंतर निघालो. बहादूरशेख नाक्यावरून खेर्डी, शिरगाव, पोफळी आणि पुढे कुंभार्ली घाट. भाचा मागे मोटारसायकलवर.

खरं सांगतो, पहिल्या तासात मी त्या फ्रेमच्या प्रेमात पडलो. खरखरीत डांबरावर माझ्या सायकलवर हाताला जी बारीक थरथर जाणवते, ती जवळजवळ गायब. चढावर उभं राहून पायडल दाबलं की सायकल विचार न करता पुढे सरकत होती. उतारावरही वळणावर जिथे नजर लावावी तिथेच जात होती, आणि घाटात समोरून ट्रक येत असताना हा गुण काही लहान नाही. खड्ड्यात मात्र दणका तेवढाच बसला. तिथे कार्बनचं काही चाललं नाही. घड्याळ म्हणालं, घाट कालच्यापेक्षा चाळीस सेकंद लवकर चढलो. एवढा फरक तर वारा पाठीशी असला तरी पडतो.

परतताना शिरगावच्या अलीकडे खराब रस्त्याचा एक तुकडा निवडून दोनदा चालवून पाहिला, एकदा टायरमध्ये ९५ पौंड हवा ठेवून, एकदा ८० ठेवून. नवलाची गोष्ट अशी की पंधरा पौंड हवेने जो फरक पडला तो दोन फ्रेममधल्या फरकापेक्षा जास्त होता. म्हणजे अंगाला आराम हवा असेल तर सत्तर हजारांआधी पंप आणि रुंद टायर यांचा विचार करावा. पण या फ्रेममध्ये रुंद टायर मावत नाही, हेही होतंच.

एक गोष्ट वहीत लिहिली नाही. सीटखालून अधूनमधून 'कट्' असा आवाज येत होता. बसलो की येई, उभा राहिलो की थांबे. सीट माझीच, जुनी. तिचाच असेल म्हणून सोडून दिलं. प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असं मुलांना सांगणारा मी.

घरी येऊन सामान परत काढायला घेतलं. सीटचा दांडा आवळणारी कडी सरकवली आणि तिच्याखाली केसासारखी एक रेघ दिसली. मागच्या खाचेतून निघून अंगठ्याच्या पेराएवढी खाली गेलेली. कडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, '५ न्यूटन मीटर'. म्हणजे टॉर्क पाना लावून इतकंच आवळा. आधीच्या मालकाने साध्या पान्याने जोर लावलेला असणार. लोखंड जास्त आवळलं तर ते चेपतं आणि दिसतं. कार्बन मुकाट्याने आत तडकतो, आणि वर कडी झाकण घालून बसते.

भाचा म्हणाला, "मामू, रंगाला तडा गेला असेल." तेही शक्य होतं. मी खिशातून रुपया काढला आणि फ्रेमवर हळूहळू ठोकत गेलो. सगळीकडे टणक, मोकळा 'टक्'. रेघेजवळ आलो तसा आवाज बसला, ओल्या लाकडावर ठोकावं तसा. दारात उभी अम्मी म्हणाली, "मडकं घेताना टिचकी आधी मारतात की घरी आणल्यावर?"

याच फ्रेमवर मी त्या सकाळी घाट उतरलो होतो. उतारावर ताशी ४५-५० चा वेग सहज असतो. ते आठवून मी थोडा वेळ ओट्यावर नुसता बसून राहिलो.

विकणाऱ्याला फोन केला. आधी तो म्हणाला रंग आहे, मग म्हणाला चाळीस हजार द्या. इथे खरी कसोटी लागली. चाळीस म्हणजे आपाच्या पैशाला हात लावायची गरजच नाही. कार्बनची दुरुस्तीही होते. खराब भाग घासून नवे थर चढवतात, आणि जाणत्या हाताने केली तर चांगली टिकते. पण ही जागा सीटच्या दांड्याची. आतलं भोक जराही कमी-जास्त झालं तर दांडा बसणार नाही किंवा सरकत राहील. दुरुस्तीचा खर्च वेगळा. मी नाही म्हणालो. भाच्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बयाण्यातले सात हजार परत मिळाले, तीन गेले. त्यातले दीड मी दिले, कारण ती कडी काढून पाहायचं काम चालवण्याच्या आधीचं होतं आणि ते माझं होतं.

गेल्या रविवारी त्याने आणखी एका फ्रेमचे अकरा फोटो पाठवले. रंग सुंदर आहे, टायर २८ चे मावतात. मी लिहिलं, बाराव्या फोटोत कडी काढून दाखवायला सांग. तो फोटो अजून आलेला नाही.