प्रतिस्पर्ध्याचे यश आणि मार्गदर्शकांची जबाबदारी

शालेय विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धांतून मुलांना यंत्रविद्या व संगणकविद्या अवगत होते आणि उद्याचे अभियंते घडतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. आपल्याहून सरस ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचेही शिक्षण तेथे होत असते. आणि ते मुख्यतः संघासोबत असणाऱ्या प्रौढ मार्गदर्शकांच्या वागण्याबोलण्यातून होते. या अंगाचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील 'फर्स्ट' या संस्थेचे आहे. संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ती स्थापन केली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अवघे २८ संघ होते. आज माध्यमिक शाळांच्या मुख्य स्पर्धेत तीन हजारांहून अधिक संघ उतरतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (मृत्यू २०१९) यांनी या चळवळीला 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम', म्हणजे सौजन्ययुक्त व्यावसायिकता, हे सूत्र दिले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो आणि तो मार्गदर्शकांसाठी आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्पर्धेची रचनाही या सूत्राला पोषक अशीच आहे. १९९९ पासून संघ एकेकटे न खेळता आघाड्या करून खेळतात. प्राथमिक फेरीत आघाड्या सामन्यागणिक बदलतात आणि बाद फेरीसाठी अग्रक्रमाचे संघ आपले सहकारी स्वतः निवडतात. साहजिकच, सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी सहकारी असू शकतो. ज्याच्याशी पुन्हा व्यवहार करावयाचा आहे, त्याच्याशी सचोटीने वागण्यात व्यापाऱ्याचे हित असते, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व येथे मुलांच्या खेळात उतरले आहे.

तथापि, नियमांनी घडविलेल्या सहकार्याला मर्यादा असतात. २०१० च्या खेळात गुणपद्धतीचा हिशेब मांडून काही सामन्यांत दोन्ही आघाड्यांनी एकाच बाजूचे गुण वाढविण्याचे ठरविले. नियमांत ते बसत होते. पण त्याला खिलाडूवृत्ती म्हणता येणार नाही. शिवाय, वारंवार जिंकणाऱ्या संघाविषयी मनात साठणाऱ्या आकसावर कोणताही नियम उतारा देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील २५४ क्रमांकाच्या संघाने २०११, २०१४, २०१७, २०१८ आणि २०२२ या वर्षी जागतिक अजिंक्यपदाच्या विजेत्या आघाडीत स्थान मिळविले. अशा संघांच्या वाट्याला कौतुकाबरोबर कुजबुजही येते. त्यांचे यंत्र मुलांनी नव्हे, अभियंत्यांनी बनविले. त्यांच्यामागे धनिक पुरस्कर्ते आहेत. आपल्याला तेवढा पैसा मिळता तर आपणही जिंकलो असतो, असे बोलले जाते.

असे उद्गार मुलांच्या तोंडी आले तर ते पराभवाच्या क्षणी क्षम्य मानता येतील. परंतु तेच मार्गदर्शकाच्या तोंडून निघाले, की त्यांना निष्कर्षाचे वजन प्राप्त होते. दुसऱ्याचे यश नेहमी संशयास्पद असते आणि आपले अपयश नेहमी परिस्थितीजन्य असते, हा सिद्धांत पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या आदरणीय व्यक्तीकडून शिकतो. यातील आर्थिक तोटाही लहान नाही. विजेत्याच्या यंत्राची रचना, त्यांचे कामाचे वेळापत्रक, त्यांनी टाकून दिलेले आराखडे हे सारे ज्ञान आहे. आणि ज्ञान ही अशी संपत्ती आहे की, ती दुसऱ्याने घेतल्याने देणाऱ्याकडची कमी होत नाही. २५४ क्रमांकाच्या संघाने आपल्या यंत्राची आज्ञावली इतरांसाठी खुली केली आहे. जो प्रतिस्पर्धी विजेत्याला लबाड ठरवून मोकळा होतो, तो हे भांडार फुकट मिळत असूनही नाकारतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. साधनांची विषमता खरी आहे. मोठ्या उद्योगांच्या सान्निध्यातील शाळेला जी कार्यशाळा व जे तज्ज्ञ लाभतात, ते खेड्यातील शाळेला लाभत नाहीत. मग मार्गदर्शकांनी ही विषमता झाकून ठेवावी काय? मुळीच नाही. परंतु तक्रारीचे स्थान आणि तिचा रोख योग्य हवा. खर्चाच्या मर्यादा व कामाचा कालावधी यांविषयीचा वाद आयोजकांशी घालावा. समोरच्या संघातील मुलांच्या श्रमांवर तिचा राग काढू नये. मुलांनी व्यावसायिक अभियंत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करावे, हा तर या स्पर्धेचा मूळ हेतूच आहे. तेव्हा अभियंत्यांचे साहाय्य हा आरोप ठरू शकत नाही.

विजेत्यांच्या मार्गदर्शकांवरही समान जबाबदारी आहे. आपल्या यशातील पैशाचा व सोयींचा वाटा त्यांनी मोकळेपणी मान्य करावा आणि नवख्या संघाच्या बिघडलेल्या यंत्रासाठी हत्यारे व माणसे द्यावीत. यशस्वी संघाने कृपेचा आव आणला, तर पराभूतांच्या सौजन्याला लाचारीचे रूप येते.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही परका नाही. आशिया-पॅसिफिक प्रदेशातील महाविद्यालयीन संघांची रोबोकॉन स्पर्धा २००८ आणि २०१४ या दोन्ही वर्षी पुण्यात भरली होती. २००८ चा खेळ तर दहीहंडीवरच बेतलेला होता. विजेतेपद मात्र चीनच्या संघाने नेले आणि २०१४ मध्ये ते व्हिएतनामकडे गेले. गुणांच्या एकेका टक्क्यासाठी शेजारच्या मुलाशी तुलना सोसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना अशा प्रसंगी वडीलधारी मंडळी काय सांगतात, याला महत्त्व आहे.

सामना संपल्यावर विजेत्यांच्या यंत्रापाशी आपल्या मुलांना घेऊन जाणारा, मनापासून अभिनंदन करून प्रश्न विचारावयास लावणारा मार्गदर्शक त्यांना पुढील वर्षाच्या तयारीचा पहिला पाठ देत असतो. पुढे याच मुलांना उद्योगांत, प्रयोगशाळांत आणि सार्वजनिक जीवनात आपल्याहून समर्थ माणसांबरोबर काम करावयाचे आहे. त्या कामाची सवय त्यांना शाळेच्या वयात लागते की नाही, हे बव्हंशी मार्गदर्शकांच्या वर्तनावर अवलंबून राहील.